तेलाच्या डब्याचं ठिगळ

मामांचा डावा कान बॉनेटं ठोकून ठोकून गेला. उजवा निम्मा शिल्लक होता, पण तोही ते मर्जीनं वापरायचे. मामींचं ऐकायचं नसलं की उजवाही डावा व्हायचा. मामी म्हणायच्या, ह्या माणसाशी भांडायचं तर आधी बाजू बघून बसावं लागतं.

मामा म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. रस्त्याला लागून त्यांचा गाळा, मागं राहायच्या दोन खोल्या, मधली भिंत अर्ध्या विटेची. अलीकडं मामांची हातोडी, पलीकडं मामींचं शिवणयंत्र. मामी शाळेचे गणवेश शिवायच्या. हातोडी थांबली की यंत्र ऐकू यायचं आणि यंत्र थांबलं की हातोडी. दोन्ही थांबलं की शेजारी ओळखायचे, जेवायला बसलेत.

मामांचं काम पोचे काढायचं. गाडी कुठं घासली, आपटली, कुणी मागून ठोकली की ती त्यांच्याकडं यायची. त्यांच्या उस्तादानं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे आपलं काम दिसलं की ते बिघडलं. म्हणून मामा पत्रा असा सरळ करायचे की मालकालाच शंका यावी, पोचा खरंच होता की आपल्याला भास झाला. डोळे मिटायचे, मामींच्या यंत्राखालची अस्तराची चिंधी तळहाताखाली घ्यायची आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. कापडाखाली कातडीला जे कळतं ते उघड्या कातडीला कळत नाही, असं ते सांगायचे. चिंधी अडली तिथं हातोडी.

त्यामुळं लोक गुपचूप यायचे. कुणी मेहुण्याची गाडी न विचारता नेलेली असायची. बँकेतला एक साहेब गाडी शिकताना स्वतःच्याच फाटकाला तीनदा धडकला आणि तिन्ही वेळा बायको कामावरून यायच्या आत मामांकडून गाडी सरळ करून घेऊन गेला. सगळ्यांची पापं मामांच्या हातोडीखाली सपाट झालेली. बाजारात एखादीनं हटकून विचारलंच, मामा, आमच्या ह्यांनी गाडी आणली होती का हो तुमच्याकडं, तर मामा शांतपणे डावा कान पुढं करायचे.

पुढं गाड्याच बदलल्या. बंपर प्लास्टिकचे आले. फुटलं की फेका, नवं लावा. पोचा काढणारा माणूस म्हणजे मातीची चूल लिंपणारी बाई झाला. गेली सहा-सात वर्षं मामा बादल्यांची बुडं बसवत होते, कुणाच्या धुराड्याची टोपी, कुणाच्या कूलरचं झाकण. हात तोच, पण त्याला पुरेल असा पत्राच समोर येईना. बसून बसून त्यांचे खांदे पुढं आले. मामी एकदा म्हणाल्या, तुम्हाला भंगारवाला उचलून नेईल एक दिवस, मी यंत्रावर असेन, मला कळायचंही नाही.

अशात बाईंची गाडी आली.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूमितीच्या शिक्षिका. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाल्लेलं. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ चालायच्या, पण पायरी आली की थांबून पायानं चाचपायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांनी जी वस्तू आणली तिला गाडी म्हणायचं की नाही यावर गल्लीत दोन तट पडले. माणसाच्या कमरेएवढी उंच, दोनच जणांची बैठक, डोक्यावर टप नाही, दार म्हणावं तर नुसती खाच. फिकट हिरवा रंग, लांब तोंड आणि त्या तोंडाला डाव्या बाजूला मोठा पोचा. कुणीतरी नाकतोडा म्हणालं आणि तेच नाव पडलं.

ट्रॉलीतून उतरवायला आठ माणसं गोळा झाली होती. चौघांनी हात लावला आणि ती अशी अलगद वर आली की चौघंही मागं झोकांडले. इंग्लंडात बनलेली, शर्यतीसाठीच. आतला सांगाडा बोटाएवढ्या नळ्यांचा, वरचं सगळं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, आणि जिथं जिथं पत्रा जाड होता तिथं तिथं भोकं पाडून वजन काढलेलं. मामांनी दाराच्या कडेला अंगठा लावून बघितला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. असा पत्रा त्यांनी उस्तादाकडं शिकताना शेवटचा बघितला होता.

बाईंनी स्टुलावर बसून गाडीची हकीकत सांगितली. त्यांचे यजमान छापखान्यात होते आणि त्यांना वेगाचं वेड होतं. बोटीनं आलेली ही गाडी त्यांनी तिसऱ्या हातानं घेतली. गावाबाहेरच्या पडीक हवाईपट्टीवर तेव्हा शर्यती व्हायच्या. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाच्या शर्यतीत गाडी वळणावरच्या डांबराच्या पिंपावर आदळली. नाक आत गेलं, पत्रा फाटला. यजमानांनी गाडी बाजूला घेतली, तेलाचा डबा कात्रीनं कापला, फाटल्या जागी ठेवला, अकरा रिव्हेट मारले आणि परत निघाले. तिसरे आले. "डबा मी धरला होता," बाई म्हणाल्या. त्यांनी फोटोही दाखवला. त्यात गाडी, सतरा नंबर, नाकावरचं ठिगळ आणि बाजूला काळ्या हातांची, हसणारी तरुण बाई.

यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. गाडी त्यांच्याच छापखान्याच्या गोदामात रद्दीखाली पडून होती. ती आता बाहेर काढायचं कारण बाईंनी सरळ सांगितलं. त्यांचे डोळे जात होते. समोरचं आधी जायचं, कडेचं थोडं राहायचं. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती, पुढं उजेड आणि अंधार एवढंच कळेल. दर थंडीत जुन्या गाड्यांची संघटना त्याच हवाईपट्टीवर एक दिवस मेळावा भरवायची. पूर्वी तिथं खरोखर पळालेल्या गाड्यांनाच तीन फेऱ्या मारू द्यायचे. त्याआधी त्यांचा परीक्षक येऊन गाडी बघून कागद द्यायचा.

"मी त्या वळणावर उभी राहीन," बाई म्हणाल्या. "कडेनं जेवढं दिसेल तेवढं."

गाडी कशी करायची ते त्यांनी मामांवर सोडलं. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, म्हणाल्या. बाईंचं चुकलं असेल तर इथं चुकलं.

मामांच्या डोक्यात एकच शब्द बसला, परीक्षक. बादल्या ठोकणाऱ्या माणसाचं काम आयुष्यात पहिल्यांदा कुणी जाणकार माणूस भिंग लावून बघणार होता. मामा उन्हाळ्यात कामाला लागले, मग तो पावसाळा, थंडी आणि पुढचा पावसाळा सगळं त्यात गेलं. इंजिनाचं काम त्यांचा मित्र बघत होता. तोंडानं आणि मोटरसायकलनं सारखाच आवाज करायचा म्हणून त्याला सगळे फटफट्या म्हणत. मामांनी शेपटाकडून सुरुवात केली, मग दाराच्या खाचा, मग बगला. बाई महिन्यातून एकदा यायच्या, चिंधी मागून घ्यायच्या आणि मामांसारखाच हात फिरवायच्या. नाक मामांनी शेवटाला ठेवलं.

नाकाचा पत्रा पार दमला होता. ठिगळाच्या रिव्हेटांपासून चिरा पसरलेल्या, हात लावला की कडा भुरभुरायची. मामांनी नवं नाक घडवायचं ठरवलं. माप मामींनी काढलं. जुन्या नाकावर तपकिरी कागद अंथरून, जिथं तो चुण्या पडायचा तिथं चिमटा काढून, टाचण्या लावून त्यांनी झबल्यासारखा कागद बेतला. ते करताना त्यांचा हात ठिगळाशी थांबला. हे ठेवणार ना, त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, तेलाच्या डब्याचं लोखंड आहे, असल्या पत्र्यावर ते म्हणजे शालूला गोणपाट. मामी म्हणाल्या, मी असते तर ठेवलं असतं, शिवलेलं दिसलं म्हणून कुणाची लाज जात नाही. मामा म्हणाले, ते तुझ्या कापडाचं. आणि उजवा कान मिटला.

नाक घडलं ते मात्र बघण्यासारखं. वाळूच्या पिशवीवर ठोकून, लाकडी हातोड्यानं, एक एक बोट सरकत. तीन तुकड्यांत घडवलं आणि जोडलं. जोडायची रीत उस्तादाची होती. अ‍ॅल्युमिनियमला त्याच्याच जातीचा पत्रा वितळवून सांधावं लागतं. म्हणून जुन्या नाकाच्या पट्ट्या कापायच्या, गॅसच्या ज्योतीखाली त्याच वितळवून नवे सांधे भरायचे. जुनं फेकायचं नाही, त्याचा धागा करायचा. मामांनी नाकाचा तळहाताएवढा तुकडाही शिल्लक ठेवला नाही, सगळं सांध्यांत घातलं. ठिगळ लोखंडाचं, ते वितळून चालणार नव्हतं. ते बाकीच्या कचऱ्याबरोबर भंगारात गेलं.

ह्या शेवटच्या तीन महिन्यांत बाई आल्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, घराबाहेर पडायची बंदी होती. फोनवर मामांनी सांगितलं, बाई, नाक असं झालंय की पाणी ओतलं तर थेंब कुठं थांबायचा नाही. बाई म्हणाल्या, छान.

मेळाव्याला महिना उरला असताना परीक्षक आला. बारीक माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात, पिशवीत स्वतःच्या चहाची बाटली. उगाच बोलायचा नाही. मामांनी सकाळी उठून दाढी केली होती, मामींनी त्यांच्यासाठी नवा सदरा शिवला होता. परीक्षकानं विजेरी लावून सांगाडा बघितला, नळ्यांना चुंबक लावला, भोकं मोजली. मग नाकापाशी आला आणि बराच वेळ वाकून राहिला. मामा भिंतीला टेकून उभे होते, पोरगं निकालाला उभं राहतं तसे.

परीक्षक उभा राहिला. म्हणाला, तीस वर्षं गाड्या बघतो आहे, हातानं घडवलेला इतका सरळ पत्रा बघितला नाही. मामींनी यंत्रावरून मान वर केली. मग त्यानं पिशवीतून बाईंच्या फोटोची प्रत काढली.

"जुनं नाक कुठं ठेवलंय?"

"ठेवलं नाही. ह्यातच आहे," मामा म्हणाले.

"ह्यात म्हणजे?"

मामांनी सांध्यावर बोट ठेवलं, पण तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. "हा सांधा, हा, आणि हा खालचा. जुन्याच्या पट्ट्या करून भरल्यात. एक तुकडा बाहेर गेला नाही."

"आणि ठिगळ?"

"ते लोखंडाचं. भंगारात दिलं."

परीक्षकानं चष्मा काढला आणि स्टुलावर बसला. त्यानं मामांना जे सांगितलं ते अगदी हळू, समजावून सांगितलं, आणि डावा-उजवा दोन्ही कान असते तरी मामांना ते एका दमात समजलं नसतं. असल्या गाड्या तेव्हा बऱ्याच बनल्या होत्या. नंबराची पट्टी ह्या गाडीवरून कधीच हरवली होती, इंजिन मधे बदललेलं. त्या हवाईपट्टीवर पळाली ती हीच, हे सांगणारी एकच खूण होती, फोटोतलं नाक. तो पोचा आणि त्यावरचे अकरा रिव्हेट. आजकाल लोक नव्या गाड्या बनवून जुन्या म्हणून आणतात, म्हणून नियम कडक केलेत.

मामा म्हणाले, पण काम बघा की.

"मामा, मी काम बघायला आलो नव्हतो," परीक्षक म्हणाला.

धातू तपासून घ्या, मामांनी सुचवलं. तो म्हणाला, वितळलेल्या पत्र्याला मी काय विचारू? तरी माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवस थांबतो, म्हणाला, ठिगळ सापडलं, जुन्याचा एखादा तुकडा सापडला, तर बोलवा. कागदावर त्यानं लिहिलं, ओळख पटत नाही. लिहून झाल्यावर जाताना परत एकदा नाकावरून हात फिरवून गेला.

त्या दिवशी गाळ्यात हातोडी वाजली नाही. मामींनी, मी सांगितलं होतं, असं म्हटलं नाही. त्यांनी तसं म्हणावं म्हणून मामा दोनदा त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

बाईंना सांगायला ते चालत गेले. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर भिंग, बाजूला डोळ्यांत घालायच्या औषधाच्या तीन बाटल्या, ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला वेगळा दोरा बांधलेला. मामांनी सांगितलं, काही न लपवता. बाई म्हणाल्या, चूक माझीही आहे, न तपासता पेपर पाठवला. मामांनी विचारलं, आपण गाडी गल्लीत फिरवू का, इंजिन तयार आहे, तुम्ही खुर्चीवर बसून बघा. बाई म्हणाल्या, "गल्लीत नको. गल्लीत लोक स्कूटर फिरवतात."

दुसऱ्या दिवसापासून मामा भंगारवाल्याकडं बसले. तीन दिवस ढिगारे उपसले, हाताला चार ठिकाणी कापलं. भंगारवाला शेवटी वैतागला. म्हणाला, मामा, तीन महिन्यांचं भंगार तुम्ही आज मागताय, दर महिन्याला सगळं भट्टीला जातं, तुमचं ठिगळ आतापर्यंत कुणाच्या खिडकीचा गज झालं असेल, घरोघरी जाऊन विचारा.

फटफट्यानं मार्ग काढला. त्याचे मार्ग नेहमी सोपे असायचे. जन्मभर पोचे काढलेत, म्हणाला, एक घाला की. फोटो समोर आहे, डबा मी आणतो, ठिगळ सापडलं म्हणू आणि ते बसवायला पोचा परत घातला म्हणू. मामांनी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या आणि हाकललं. दोन दिवसांनी स्वतःच बोलावलं.

मामींना ते म्हणाले, जे होतं तेच करतोय, माझ्या पदरचं काही घालत नाही. मामी दोरा ओवत होत्या. "होतं ते तुम्ही काढलंत," त्या म्हणाल्या. "आता कराल ते तुमचं."

आता गंमत अशी, की मामांना पोचा घालता येईना. हातोडीनं घातलेला पोचा आणि धडकेचा पोचा यांत फरक असतो, आणि तो फरक जगात ज्या थोड्या माणसांना कळतो त्यांतले मामा एक. धडकेतलं ठिगळ हातोडीच्या पोच्यावर बसायचं नाही, हे परीक्षकालाही कळेल, ही भीती. शेवटी फटफट्यानं डांबराचं पिंप आणलं, त्यात वाळू भरली, अंगणाच्या टोकाला ठेवलं. भर दुपारी चौघांनी नाकतोडा मागून ढकलला. मामा पिंपाशी उभे राहून हातानं दिशा दाखवत होते. धडक व्हायच्या आधी त्यांनी उजवा कान तळहातानं दाबून धरला.

पहिल्या धडकेत पिंपच सरकलं. दुसऱ्या धडकेत पत्रा आत गेला, पण चार बोटं वर. भिंतीवर बसलेली माणसं हसत होती. कुणी म्हणालं, दीड वर्ष घडवलं आणि आता मारतायत, लेकरू असतं तर पळून गेलं असतं. तिसऱ्या धडकेत बरोबर जागी बसला आणि फोटोसारखाच फाटला. मामांनी डबा कापला, ठिगळ ठेवलं, बाजारातून जुने अकरा रिव्हेट शोधून मारले. काजळी चोळली, चहाचं पाणी लावून गंज आणला, सतरा नंबर रंगाऱ्याकडून काढून घेऊन कानशीनं पुसट केला. झाल्यावर फोटो नाकाशेजारी धरला. कुठला फोटो आणि कुठली गाडी ते कळेना.

मधल्या काळात फटफट्यानं एक आगाऊपणा केला. मामांना न विचारता त्यानं बाईंना फोन करून सांगितलं, ठिगळ सापडलं. मामांना हे कळलं ते बाई गाडीतून उतरल्या तेव्हा. परीक्षक आधीच आला होता. बाईंना त्यांच्या भाचीनं हाताला धरून आणलं. डोळ्यावर काळा चष्मा. चेहरा असा उजळलेला की त्यांच्या शाळेत शिकलेल्यांपैकी कुणीच तो बघितला नसेल. मामांनी फटफट्याकडं बघितलं. फटफट्या बुटांकडं बघत होता.

परीक्षकानं फोटो धरला, भिंग लावलं. पोच्याच्या कडेनं बोट फिरवलं. एकदा त्यानं वाकून आतल्या बाजूनं विजेरी मारली आणि तिथं जरा जास्त थांबला. मग उभा राहिला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मामांकडं न बघता विचारलं, हे ठिगळ कुठं मिळालं? त्याचा आवाज असा होता की जे उत्तर येईल ते तो लिहून घेणार होता. भंगारात, एवढंच म्हणायचं होतं. मामांनी डावा कान पुढं केला. परीक्षकानं परत विचारलं नाही. पेन कागदाला टेकवलं.

बाई तोवर नाकापाशी पोचल्या होत्या. त्यांनी चिंधी मागितली नाही, उघड्या बोटांनी रिव्हेट चाचपत गेल्या. ओठ हलत होते, मोजत होत्या. अकराव्यावर बोट थांबलं. त्यांनी मान वळवली ती मामांच्या उजव्या बाजूला. दीड वर्षात त्यांना ते ठाऊक झालं होतं.

"हे ह्यांच्याच हातचं ना हो?"

फटफट्यानं मामांच्या पाठीला बोट लावलं.

"नाही, बाई," मामा म्हणाले. "माझ्या हातचं."

परीक्षकानं टोपण लावलं. तो टिच् आवाज मामांना कसा ऐकू आला देव जाणे, पण आला. बाईंनी बोट अजून उचललं नव्हतं.

"अकराच मारलेत," त्या म्हणाल्या. "मोजून मारलेत."

मग भाचीला म्हणाल्या, चल. पायरीशी थांबल्या, पायानं चाचपली, उतरल्या. परीक्षक थोडा वेळ घुटमळला. त्यानं आपल्या बाटलीतला चहा झाकणात ओतून मामांना दिला, मामांनी तो घेतला आणि तसाच हातात धरून राहिले. फटफट्या नंतर महिनाभर सांगत फिरत होता, एक हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, म्हातारीचं एवढं मन राहिलं असतं. लोकही त्याच्याच बाजूनं होते. मामींना कुणी विचारलं तर म्हणायच्या, मला ह्यांचा तो एक शब्द ऐकू आला, बाकी माझं यंत्र चालू होतं.

मेळावा झाला. हवाईपट्टी लांब होती तरी वारा तिकडून आला की गाड्यांची घरघर गल्लीत यायची. मामा त्या दिवशी एका बादलीला बूड बसवत होते. त्यांना घरघर ऐकू आली की नाही ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं. भाची त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. जाण्याआधी घरातलं सामान काढलं त्यात गाडीही काढली. कागद नसलेली गाडी कोण घेणार? हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं घेतली. त्याला ती फाटकाशी चौथऱ्यावर बसवायची होती, येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो काढायला. इंजिनाची गरज नव्हती, ते फटफट्यानं काढून घेतलं. पोचा आणि ठिगळ नको, भंगार वाटतं, आणि हिरवा रंग रस्त्यावरून दिसत नाही, तांबडा करून द्या, असा निरोप आला.

हे काम मामांनी घेऊ नये असं मामींना वाटत होतं. मामा म्हणाले, दुसऱ्या कुणी केलं तर फाडून ठेवेल.

त्यांनी ठिगळ काढलं आणि पोचा सरळ करायला बसले. पण अ‍ॅल्युमिनियम एका मर्यादेपर्यंतच सोसतं. घडवताना ठोकलेलं, धडकेत दबलेलं, आता परत ठोकलेलं. तिसऱ्या-चौथ्या घावाला पत्रा टरकला आणि चीर वाकडीतिकडी होत सांध्यापर्यंत गेली. मामांनी हातोडी खाली ठेवली. चाळीस वर्षांत जे त्यांनी कुठल्या गाडीला लावलं नव्हतं ते त्यांनी दुकानातून आणवलं, लांबी, डब्यातली, खिडक्यांच्या चौकटींना भरतात तसली. चिरेत भरली, पोच्यात थापली, वाळू-कागदानं घासली. वर तांबडा रंग बसला. लांबून बरी दिसत होती.

चौथऱ्याला बसवायच्या दिवशी ते ड्रिल घेऊन स्वतः गेले. सकाळचं ऊन होतं, माळी फुलांच्या कुंड्या मांडत होता. दोघांनी गाडी उचलून वर ठेवली, दोघंच पुरले. मामा उताणे होऊन खाली शिरले आणि तळाला चार भोकं पाडली. वरून हॉटेलचा माणूस वाकून विचारत होता, वाऱ्यानं हलणार नाही ना, फार हलकी आहे म्हणतात. त्याला दोनदा विचारावं लागलं.

"नाही हलायची," मामा खालून म्हणाले. "बोल्टला वॉशर तेवढे मोठे घाला. नाहीतर पत्रा फाटतो."